ऐतिहासिक वास्तूंचे मोजमाप-आरेखन

उभ्या असलेल्या जुन्या वास्तूची जागेवर मापे घेऊन त्यांवरून ठरावीक प्रमाणात प्लॅन (मजल्याचा आराखडा), सेक्शन (उभा छेद), एलिव्हेशन (बाजूचे समोरून दिसणारे चित्र) आणि तपशिलांची रेखाचित्रे तयार करण्याची पद्धत. वास्तुकलेच्या महाविद्यालयांत आणि संवर्धनाचे काम करणाऱ्या कार्यालयांत तिला सर्रास ‘मेजर्ड ड्रॉइंग’ म्हणतात. नव्या इमारतीत आधी नकाशा होतो आणि मग बांधकाम. इथे बांधकाम समोर असते आणि नकाशा त्यावरून काढायचा असतो. वाडा, मंदिर, चर्च, किल्ल्याचा दरवाजा किंवा ब्रिटिश काळातील कचेरी, यांपैकी कशाचीही दुरुस्ती करायची तर अंदाजपत्रक, टेकू देण्याची जागा, बदलायच्या तुळयांची मापे हे सगळे याच कागदांवरून ठरते.

या कामाचा पहिला नियम म्हणजे वास्तू आज जशी आहे तशीच काढायची. भिंत फुगली असेल तर फुगलेली, तुळई वाकली असेल तर वाकलेली, चौक काटकोनात नसेल तर तिरका. नियम ऐकायला सोपा, पाळायला कठीण. कारण काढणाऱ्याचा हात आपोआप सरळ रेघेकडे वळतो. कॅडवर, म्हणजे संगणकीय आरेखनात, फक्त आडव्या-उभ्या रेघा काढू देणारी ‘ऑर्थो’ सोय चालू ठेवली की संगणक प्रत्येक भिंत निमूटपणे काटकोनात बसवतो, आणि दोनशे वर्षांत वास्तू कुठे खचली याचा पुरावा नकाशातून पुसला जातो. देखण्या पण अशा ‘सरळ केलेल्या’ नकाशापेक्षा ओबडधोबड पण खरा नकाशा संवर्धनात कितीतरी अधिक उपयोगी पडतो.

मोजणीची पद्धत

कामाची सुरुवात वास्तूत हिंडून हाताने कच्चे रेखाटन करण्यापासून होते. त्यात प्रमाण नसले तरी चालते. प्रत्येक खांब, कोनाडा, उंबरा आणि पायरी मात्र हवी. मापे याच रेखाटनावर लिहायची असल्याने ते जितके मोठे आणि मोकळे तितके बरे. मापे घ्यायला तिघे लागतात: एक जण टेपचे शून्य धरतो, दुसरा आकडा वाचतो, तिसरा तो मोठ्याने पुन्हा म्हणून लिहितो. पुन्हा म्हणण्याने वेळ जातो, पण ‘सत्तर’ आणि ‘सत्याहत्तर’ यांचा घोळ तिथेच मिटतो.

ओळीने असलेले खण (दोन खांबांमधली जागा) सुटे सुटे मोजायचे नसतात. आठ खणांच्या ओसरीत प्रत्येक खण वेगळा मोजला आणि दर वेळी 3 मिमीची चूक एकाच बाजूला झाली, तर शेवटच्या खांबापाशी नकाशा 24 मिमी सरकतो. म्हणून टेप एका टोकाला धरून सलग मापे घेतात. प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्णही मोजावेच लागतात. समजा, समोरासमोरच्या भिंतींची एक जोडी 6 मी. आणि दुसरी 4.5 मी. भरली. खोली काटकोनात असती तर दोन्ही कर्ण 7.5 मी. आले असते. प्रत्यक्षात ते 7.58 मी. आणि 7.42 मी. आले, तर साडेचार मीटरची भिंत आपल्या लांबीत सुमारे 10 सेंमी तिरकी गेली आहे. चार भिंतींच्या मापांवरून हे कधीच कळले नसते.

उंचीची मापे जमिनीवरून घेऊन भागत नाही, कारण जुन्या फरशीलाच उतार असतो. त्यामुळे वास्तूभर एक आडवी पातळीरेषा फिरवतात आणि वरखालची सर्व मापे तिच्यावरून घेतात. ही रेषा पूर्वी पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने फिरवत, आता लेझरने फिरवतात. नळी मात्र अजून बाद झालेली नाही. दोन खोल्यांमध्ये पातळी न्यायची असेल तर नळी कोपऱ्यावरून वळते, लेझरचा किरण वळत नाही. भिंत किती कलली हे पाहायला गवंड्याचा ओळंबा पुरतो. सुरूच्या आकाराच्या खांबाचा फुगवटा किंवा जोत्याच्या दगडाची गोलाई यांसारखे आकार टेपने मिळत नाहीत. ते सरकत्या दातांच्या आकारमापकाने उतरवून कागदावर पूर्ण मापात गिरवतात.

मराठा काळातील वाड्यांत भिंतींची जाडी हा मोजणीचा कळीचा भाग असतो. दाराखिडक्यांच्या चौकटींपाशी जाडी थेट मोजता येते. बाकी ठिकाणी आतली आणि बाहेरची मापे एकमेकांशी ताडून ती काढावी लागते. ताळेबंद जुळला नाही आणि एखाद्या जागी भिंत अवाच्या सवा जाड निघाली, तर आत बुजवलेला कोनाडा किंवा जिना असण्याची शक्यता धरावी. वाड्यांच्या जाड भिंतींत जिने काढण्याची रीत होतीच. छताचे मोजमापही नुसते खालून बघून होत नाही. तक्तपोशीच्या (छताला खालून मारलेल्या फळ्यांच्या) वर वासे कुठे, जोड कसे, तुळईचे टोक भिंतीत किती गेले आहे, हे एखादी फळी काढल्याशिवाय दिसत नाही. फळी काढता येत नसेल तर तो भाग तुटक रेघेने, अंदाज म्हणून दाखवतात. पाहिलेले आणि तर्क केलेले एकाच रेघेत काढणे हा या कामातला सर्वांत मोठा दोष समजावा.

पुण्याच्या शनिवारवाड्याचे उदाहरण बोलके आहे. 1828 च्या आगीत आतील इमारती गेल्या आणि जोती उरली. या जोत्यांवरून तळमजल्याचा आराखडा मोजून काढता येतो. वरच्या मजल्यांचे चित्र वर्णनांवर आणि त्या काळच्या इतर वाड्यांशी केलेल्या तुलनेवर अवलंबून असते, म्हणून त्याला मोजमाप-आरेखन म्हणता येत नाही.

संपूर्ण वास्तूसाठी 1:100 किंवा 1:50, भिंतींच्या छेदासाठी 1:20, कोरीव कामासाठी 1:5 किंवा 1:1 अशी प्रमाणे साधारणपणे वापरतात. प्रमाणावरून किती बारीक मोजायचे तेही ठरते. कागदावरची 0.2 मिमीची रेघ 1:50 वर 10 मिमी जागा व्यापते, तेव्हा त्या कागदासाठी मिलिमीटरची चर्चा करत बसणे व्यर्थ. मापे मेट्रिकमध्ये घेतली तरी मूळ बांधणारा कोणत्या एककात विचार करत होता याकडे लक्ष ठेवावे. मुंबईतल्या ब्रिटिशकालीन इमारतीत 457 मिमीची भिंत आली की ती 18 इंचांची आहे हे ओळखता आले पाहिजे. मग 440 आणि 475 अशी मापे दिसली, तर गिलावा कुठे पडला आणि कुठे नंतर चढवला याचा माग लागतो.

हे मूळ नकाशे तयार झाले की त्यांच्याच प्रतींवर स्थितीदर्शक नोंदी होतात. तडे, ओल, वाळवी, निखळलेला चुना, नंतर मारलेले सिमेंट, उगवलेला पिंपळ यांना वेगवेगळ्या खुणा ठरवून देतात. तडा सेक्शनवर आणि एलिव्हेशनवर दोन्हीकडे दाखवला की तो भिंतीच्या आरपार गेला आहे की नुसत्या गिलाव्यात आहे हे उमगते.

इतिहास

भारतातील प्राचीन वास्तूंची पद्धतशीर रेखाचित्रे एकोणिसाव्या शतकात सुरू झाली. महाराष्ट्रातील आरंभीच्या कामांपैकी एक अंबरनाथच्या शिलाहारकालीन शिवमंदिराचे. 1868 मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी, शाळेचे प्रमुख टेरी यांच्या नेतृत्वाखाली, तिथे रेखाचित्रे, छायाचित्रे आणि शिल्पांचे साचे तयार केले. 1874 मध्ये पश्चिम भारताच्या पुरातत्त्वीय पाहणीचे काम जेम्स बर्जेस यांच्याकडे आले. त्यांच्यानंतर हेन्री कझिन्स यांनी दख्खनची मंदिरे आणि विजापूरच्या आदिलशाही इमारती मोजून काढल्या. हे आराखडे प्रामुख्याने शैलींच्या अभ्यासासाठी होते. त्यांत वास्तू बहुधा नीटनेटकी, पडझड भरून काढलेली दिसते. संवर्धकाने ते संदर्भ म्हणून जरूर पाहावेत, पण त्यांवरून थेट काम करू नये.

अमेरिकेत महामंदीच्या काळात, 1933 मध्ये, चार्ल्स पीटरसन यांच्या प्रस्तावावरून बेकार वास्तुविशारदांना जुन्या इमारती मोजण्याचे काम देण्यात आले. त्यातून उभा राहिलेला संग्रह तिथल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे आणि तो कोणालाही पाहता येतो. जर्मनीत आल्ब्रेख्ट मायडेनबावर हे 1858 मध्ये वेट्झलारच्या कॅथीड्रलची मापे घेताना उंचावरून पडता पडता वाचले. मापे छायाचित्रांवरूनच का घेऊ नयेत, या त्यांच्या विचारातून वास्तूंच्या छायामापनाची सुरुवात झाली; पुढे 1885 मध्ये बर्लिनमध्ये त्यासाठी सरकारी संस्था निघाली.

आता टोटल स्टेशन (कोन आणि अंतर एकत्र मोजणारे यंत्र), ड्रोन आणि लेझर स्कॅनर आले आहेत. स्कॅनर लाखो बिंदूंची स्थाने थोड्या वेळात टिपतो आणि कळसाच्या टोकाचे माप परांचीवर चढल्याविना मिळते. पण त्याला जेवढे दिसते तेवढेच तो टिपतो. गिलाव्याखालची वीट, तक्तपोशीमागचा वासा, खांबाचे उथळ्यातले (खालच्या दगडी बैठकीतले) टोक त्याला कळत नाही. सांधा मूळचा आहे की नंतरचा हे तर नाहीच. बिंदूंच्या ढगातून रेघ कुठे ओढायची हे शेवटी वास्तूजवळ उभे राहिलेल्या माणसालाच ठरवावे लागते. पॅरिसच्या नोत्र-दामला 15 एप्रिल 2019 रोजी आग लागली तेव्हा कलेतिहासकार अँड्र्यू टॅलन यांनी 2010 मध्ये केलेले लेझर स्कॅन उपलब्ध होते, याची बातमी जगभर झाली. तितकेच मोलाचे पण कमी गाजलेले काम रेमी फ्रोमाँ आणि सेद्रिक त्राँतसो या वास्तुविशारदांचे. त्यांनी आगीच्या काही वर्षे आधी छपराचा मध्ययुगीन ओकचा सांगाडा तपशीलवार मोजून काढला होता. जळालेला सांगाडा ओकमध्येच पुन्हा उभारताना ही रेखाचित्रे आधाराला आली.

नोंदी आणि जतन

वास्तुसंवर्धनाची तत्त्वे सांगणाऱ्या 1964 च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेच्या सोळाव्या कलमानुसार संवर्धनाच्या प्रत्येक कामाची रेखाचित्रे आणि छायाचित्रांसह अचूक नोंद ठेवून ती सार्वजनिक संस्थेच्या दप्तरात संशोधकांना खुली ठेवणे अपेक्षित आहे. आपल्याकडे मोजमाप-आरेखन हा वास्तुकलेच्या अभ्यासक्रमाचा भाग आहे आणि विद्यार्थ्यांच्या राष्ट्रीय संघटनेची वास्तुविशारद लुई कान यांच्या नावाची ट्रॉफी अशाच दस्तऐवजीकरणासाठी दिली जाते. त्यामुळे अनेक वाड्यांचे आणि गावांचे नकाशे महाविद्यालयांच्या कपाटांत आढळतात. दुरुस्ती सुरू करण्याआधी तिथे चौकशी करणे शहाणपणाचे.

अंतिम नकाशांबरोबर जागेवरच्या वह्याही जपाव्यात. शंका आल्यास मूळ आकडा तिथेच सापडतो. नकाशावर फक्त त्याची रेघ उरलेली असते. प्रत्येक कागदावर मोजणीची तारीख, पातळीरेषेची जागा, वापरलेली साधने आणि ज्या भागांत जाता आले नाही त्यांची यादी लिहितात. संगणकीय फाइली काही वर्षांनी नव्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतीलच असे नाही, म्हणून टिकाऊ कागदावर एक छापील संच वेगळा ठेवण्याची पद्धत आहे.