पार्श्वभूमी : आईच्या दुधाचा हिशेब कसा लागला

आईच्या १०० मिलिलिटर दुधात साधारण ७ ग्रॅम दुग्धशर्करा, ४ ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश, जेमतेम १ ग्रॅम प्रथिनं आणि बाकी बहुतेक पाणी. हा हिशेब मांडायची सुरुवात जर्मनीत झाली. १८३८ साली योहान फ्रान्झ सिमोन या रसायनतज्ज्ञाने आईचं आणि गाईचं दूध ताडून पाहिलं. गाईच्या दुधात प्रथिनं कितीतरी जास्त निघाली, साखर कमी. वरच्या दुधात पाणी आणि साखर घालण्याला त्यातून शास्त्राचा आधार मिळाला. १८६५ मध्ये युस्टुस फॉन लिबिगने गाईचं दूध, गव्हाचं पीठ आणि माल्ट यांचं बालान्न सुचवलं. आकडे जुळले की दूध जुळलं, अशी तेव्हाची समजूत होती.

ती समजूत ढासळायला सुरुवात झाली बाळाच्या शीपासून! १९०० च्या सुमारास पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आंरी टिसिए यांना अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शीत टोकाशी दुभंगलेले जिवाणू दिसले, आजचे बिफिडोबॅक्टेरिया. वरच्या दुधावरच्या बाळांत ते फार कमी होते. म्हणजे आईच्या दुधात त्यांना पोसणारं काहीतरी होतं. ते काय, हे कळायला पुढची पन्नासेक वर्षं गेली. दुग्धशर्करेपेक्षा गुंतागुंतीच्या साखरा, ऑलिगोसॅकराइड्स. लिटरमागे ५ ते १५ ग्रॅम, म्हणजे जवळपास प्रथिनांइतक्याच! बाळाला त्या पचत नाहीत. तशाच मोठ्या आतड्यात उतरतात आणि तिथले जिवाणू त्यांवर वाढतात. ज्याला बाळाचं अन्न म्हणून मोजत होते, त्यातला एवढा वाटा बाळाच्या आतड्यातल्या पाहुण्यांसाठी होता, हे मला आजही थक्क करतं.

चिकाची कथा वेगळी. घट्ट, पिवळसर आणि थोडंसंच येणारं हे पहिलं दूध अनेक समाजांत खराब समजून पिळून टाकत. त्यात स्निग्धांश आणि साखर कमी असते खरी, पण रोगांशी लढणारी प्रथिनं, म्हणजे प्रतिपिंडं, भरपूर असतात. दुधातल्या या प्रतिपिंडांचं वेगळेपण १९६१ मध्ये स्वीडनच्या लार्स हॅन्सन यांनी दाखवलं.

शिवाय दूध एकसारखं राहतच नाही. एकाच वेळच्या पाजण्यात आधी पातळ येतं, शेवटी साय धरल्यासारखं दाट.

त्या न पचणाऱ्या साखरांपैकी मोजक्याच आता कारखान्यात बनवून पावडरच्या दुधात घालतात. आईच्या दुधात त्यांचे दीडशेहून अधिक प्रकार ओळखले गेलेत आणि ते प्रत्येक आईत सारखे नसतात.