सकाळी सहाचा सामना : एनबीएचं प्रक्षेपण ठाणे-नवी मुंबईपर्यंत कसं आलं

घोडबंदर रोड असो की नेरूळ, एनबीए, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग, पाहणाऱ्याला पहाटेचा गजर लावावा लागतो. हिवाळ्यात न्यूयॉर्कला संध्याकाळी साडेसातला सुरू होणारा सामना आपल्याकडे सकाळी सहाला दिसतो, लॉस एंजेलिसचा नऊला. डबा भरण्याची आणि लोकल गाठण्याची हीच वेळ. या खेळाची आणि प्रक्षेपणाच्या वेळेची अशी ओढाताण जुनीच आहे, अगदी अमेरिकेतसुद्धा.

बास्केटबॉल पहिल्यांदा टीव्हीवर दिसला तो 28 फेब्रुवारी 1940 रोजी, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधून. तोही कॉलेज संघांचा सामना. एनबीएला राष्ट्रीय वाहिनी मिळाली 1953 मध्ये, ड्युमाँटच्या रूपाने. तरीही 2 मार्च 1962 रोजी हर्शी गावात विल्ट चेंबरलेनने एका सामन्यात 100 गुण केले, तेव्हा तिथे टीव्हीचा एकही कॅमेरा नव्हता. प्रेक्षक होते 4,124. व्यावसायिक बास्केटबॉलमधला हा सर्वांत मोठा पराक्रम आज फक्त ऐकता येतो, बिल कॅम्पबेल यांच्या रेडिओ समालोचनातून, आणि तेही शेवटच्या सत्रापुरतं.

त्या काळात खेळ घरोघरी नेला तो आवाजांनी. लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघाचे समालोचक चिक हर्न यांनी 1965 ते 2001 या काळात एकही सामना न चुकवता सलग 3,338 सामन्यांचं समालोचन केलं. चेंडू कुणाकडे आहे, कोण कुठून धावतोय, हे ते इतक्या वेगाने आणि नेमकेपणाने सांगत की मैदान डोळ्यांसमोर उभं राही. आपल्याकडे आकाशवाणीवर बाळ ज. पंडित यांनी मराठीतून क्रिकेटसाठी हेच केलं. समालोचक नवख्या माणसाला खेळ शिकवतो, आणि माझ्या मते प्रक्षेपणाच्या इतिहासातली ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

टीव्ही मात्र बराच काळ कचरत राहिला. 1980 च्या अंतिम मालिकेतल्या शेवटच्या सामन्यात विशीतल्या मॅजिक जॉन्सनने 42 गुण करून लेकर्सला विजेतेपद मिळवून दिलं. अमेरिकेच्या बऱ्याच शहरांत तो सामना सीबीएस वाहिनीने रात्री साडेअकरानंतर, ध्वनिचित्रमुद्रित दाखवला. पुढच्या काही वर्षांत हे चित्र पालटलं.

आपल्याकडे हा खेळ नव्वदच्या दशकात उपग्रह वाहिन्यांबरोबर केबलवाल्याच्या वायरीतून आला. 2011 मध्ये एनबीएने मुंबईत कार्यालय थाटलं, 2012 मध्ये सोनी सिक्स वाहिनीवर सामने नियमित दिसू लागले. 2016 मध्ये जिओ आलं. त्याचा कारभार चालतो तो आपल्याच घणसोलीतून. स्वस्त डेटामुळे सकाळचा सामना ट्रान्सहार्बरच्या डब्यात, मोबाइलवर पाहता येऊ लागला.

ऑक्टोबर 2019 मध्ये तर संघच वरळीला आले. मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे ज्याचे प्रमुख मालक, तो सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स. पहिला सामना जादा वेळेत गेला आणि पेसर्सने तो 132-131 असा जिंकला. संध्याकाळच्या त्या सामन्यासाठी यावेळी सॅक्रामेंटोकरांना भल्या पहाटे उठावं लागलं.

त्यानंतर भारतातल्या प्रक्षेपणाचे हक्क वायाकॉम18 या माध्यम कंपनीकडे गेले, हिंदी समालोचनही रुळलं. आयपीएलला 2023 मध्ये जिओसिनेमावर मराठी समालोचन मिळालं. बास्केटबॉलसाठीही ते हवं, आणि ठाणे-नवी मुंबईतल्या प्रेक्षकांनी ही मागणी लावून धरायला हवी.