फळांचा गर, केएमएस आणि बेंझोएट

नाशिकच्या द्राक्ष बागायतदारांना सल्फर डायऑक्साइड नवा नाही. निर्यातीच्या पेटीत घडांवर ठेवलेला कागदी पॅड हाच वायू हळूहळू सोडून बुरशीला आवर घालतो. पेरूचा किंवा आंब्याचा गर साठवताना त्यात घातली जाणारी पोटॅशियम मेटाबायसल्फाइटची, म्हणजे केएमएसची, पांढरी पूडही गराच्या आंबटपणामुळे तोच वायू मोकळा करते. किलोभर गराला 2 ग्रॅम केएमएस घातले की साधारण 1000 पीपीएम (दहा लाख भागांत 1000 भाग) सल्फर डायऑक्साइड मिळतो.

या वायूचे काम जंतू रोखण्यावर संपत नाही. चिरलेला पेरू ज्या विकरामुळे तपकिरी पडतो त्यालाही तो थोपवतो आणि क जीवनसत्त्वाचा ऱ्हास मंदावतो, त्यामुळे फिकट व पिवळ्या गरांसाठी केएमएस उत्तमच. मात्र सुरगाण्याच्या स्ट्रॉबेरीचा किंवा डाळिंबाचा लाल रंग ज्या अँथोसायनिनमुळे येतो, त्याच्याशी हा वायू जोडला जातो आणि वाटीभर लालभडक गर बघता बघता फिका पडतो. गर तापवून वायू उडवला तर थोडा रंग परततो, पण पूर्वीची झळाळी क्वचितच येते.

म्हणून लाल-जांभळ्या फळांसाठी सोडियम बेंझोएट वापरतात. ते रंग उडवत नाही आणि यीस्टला चांगले रोखते. परंतु गर तपकिरी पडणे त्याने थांबत नाही आणि प्रमाण वाढले तर घशाशी जळजळणारी चव मागे राहते. शिवाय त्याची खरी ताकद आंबटपणावर अवलंबून असते. सामू (pH; तो जितका कमी तितका गर आंबट) 3.5 असताना सुमारे 83 टक्के बेंझोएट जंतूंच्या पेशीत शिरू शकणाऱ्या बेंझोइक आम्लाच्या रूपात असते, तर सामू 5 झाला की हे प्रमाण 14 टक्क्यांवर येते. सीताफळासारख्या कमी आंबट गराला त्यामुळे बेंझोएटपेक्षा गोठवणच योग्य, असे मला ठामपणे वाटते.

साठवणीत सल्फर डायऑक्साइडचा काही भाग उडून जातो, काही शर्करांशी बांधला जाऊन जवळजवळ निष्प्रभ होतो आणि उन्हाने तापलेल्या गोदामात ही घट वेगाने होते. दम्याच्या काही रुग्णांना केएमएससारख्या सल्फाइटचा त्रास होत असल्याने, अशा घरांत लेबलवरचा 224 हा केएमएसचा क्रमांक आवर्जून पाहावा. बेंझोएटचा क्रमांक 211 आहे.