कॅलिफोर्नियातल्या नर्सिंग होममध्ये आई-बाबांना औषध: संमती कोणाची, कागद कोणते?

मुलांकडे कॅलिफोर्नियात राहायला आलेल्या आई-बाबांचा स्मृतिभ्रंश वाढला, की कधीतरी नर्सिंग होमचा, म्हणजे चोवीस तास शुश्रूषेच्या निवासी केंद्राचा, विषय निघतो. दाखल करताना सह्यांचा गठ्ठा समोर येतो आणि आपण भराभर सह्या करतो. त्यातली मोघम सही म्हणजे मनावर परिणाम करणाऱ्या औषधाला दिलेली संमती नव्हे. 2022 साली मंजूर झालेल्या ‘एबी 1809’ कायद्यानुसार अशा औषधासाठी लेखी संमती लागते. तिच्यावर रुग्णाची किंवा प्रतिनिधीची आणि औषध लिहून देणाऱ्याची सही हवी. औषध चालू असेपर्यंत मात्रेतले सुचवलेले बदल आणि संमती मागे घेण्याचा हक्क केंद्राने दर सहा महिन्यांनी लेखी कळवावा लागतो.

सहीआधी काय सांगायला हवं? औषध कशासाठी, किती दिवस, गुण येण्याची शक्यता किती, दुष्परिणाम कोणते आणि औषधाशिवाय दुसरा काही उपाय आहे का. हा शेवटचा प्रश्न सोडू नका. ‘संध्याकाळी फार चिडचिड करतात’ एवढ्यावर क्वेटियापीन किंवा रिस्पेरिडोनसारखं अँटीसायकोटिक, म्हणजे भास-भ्रमांवरचं औषध, सुरू होत असेल, तर आधी दुखणं, लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता तपासली का, श्रवणयंत्र चालू आहे का, ते विचारा. मराठीच समजणाऱ्या आजींची चिडचिड कित्येकदा कोणी बोलायलाच नसल्याची असते. हा खटाटोप उगाच नाही. स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांमध्ये या गटातल्या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेची औषध नियामक संस्था एफडीए हिने 2005 मध्ये दिला. 2008 मध्ये हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांनाही तो लागू झाला. म्हणून सरसकट नकार द्यावा असं नाही. भास होऊन स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होत असेल, तर औषध लागतंही.

संमती देण्याचा पहिला हक्क रुग्णाचाच. निदान झालं म्हणून समज गेली, असं कोणी परस्पर ठरवू नये. समजेल अशा भाषेत माहिती मिळणं हा केंद्रीय नियमांतला हक्क आहे, दुभाषी मागा. रुग्णाला निर्णय घेणं शक्य नसेल, तर आरोग्यविषयक आगाऊ निर्देशपत्रात (आपल्या वतीने उपचारांचे निर्णय कोणी घ्यायचे ते आधीच लिहून ठेवलेल्या कागदात) नेमलेली व्यक्ती किंवा न्यायालयाने नेमलेला पालक सही करतो. दोन्ही नसतील, तर 2023 पासून लागू कायद्यानुसार जोडीदार, सज्ञान मुलं, भावंडं, नातवंडं, जवळचे स्नेही यांपैकी योग्य व्यक्ती निवडता येते.

तरी निर्देशपत्र वेळीच केलेलं बरं. त्याला दोन साक्षीदार किंवा नोटरी लागतो. नर्सिंग होममध्ये गेल्यावर केलंत, तर ओम्बुड्समन (नर्सिंग होममधल्या रहिवाशांच्या तक्रारी पाहणारा प्रतिनिधी) किंवा रुग्णहक्क प्रतिनिधीची साक्षीदार म्हणून सही लागतेच. त्याविना ते ग्राह्य नाही. भारतातून आणलेलं मालमत्तेचं मुखत्यारपत्र इथे कामाचं नाही. सोबत ओळखपत्र, वैद्यकीय माहिती मिळण्यासाठी एचआयपीएए या आरोग्य-गोपनीयता कायद्याखालची परवानगी आणि चालू औषधांची यादी ठेवा. पुण्याहून मागवलेलं चूर्ण, काढेही त्यात लिहा.

आणीबाणीत संमतीआधी औषध देता येतं. ‘लागेल तेव्हा’ म्हणून लिहिलेलं अँटीसायकोटिक 14 दिवसांपुरतंच. पुढे चालवायचं, तर डॉक्टरने रुग्णाला पुन्हा तपासावं लागतं. दिलेली संमती केव्हाही मागे घेता येते, पण औषध एकदम तोडू नका. मात्रा कशी उतरवायची ते डॉक्टरकडून लिहून घ्या. संमतीच्या कागदाची प्रत मागूनही मिळत नसेल, तर तक्रार ओम्बुड्समनकडे किंवा राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाकडे करता येते.