उपाशी रुग्ण आणि कोरा रकाना: आहार व वजनाच्या नोंदीमागचा इतिहास

रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाने किती खाल्लं आणि त्याचं वजन किती भरलं, या दोन गोष्टी ताप आणि रक्तदाबाइतक्याच नेमाने लिहून ठेवायला हव्यात. वैद्यकाला हे फार पूर्वी कळलं होतं. नोंद कुणी करायची, हे ठरायला मात्र दीडशे वर्षं लागली आणि त्याची किंमत रुग्णांनी मोजली.

शरीराचं वजन नियमित मोजण्याची सुरुवात त्याहूनही जुनी आहे. इटलीतले वैद्य सांतोरियो काट्याला टांगलेल्या खुर्चीत बसून स्वतःचं वजन, खाणंपिणं आणि मलमूत्र वर्षानुवर्षं तोलत राहिले. १६१४ साली त्यांनी ते निष्कर्ष प्रसिद्ध केले. पण हा अभ्यास निरोगी शरीराचा होता. आजाऱ्याच्या ताटाकडे पाहिलं ते फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी. भोवती अन्नाची रेलचेल असताना दरवर्षी हजारो रुग्ण उपाशी राहतात, असं त्यांनी १८५९ मध्ये स्पष्ट लिहिलं. स्वयंपाक बिघडलेला असेल, पदार्थ चुकीचा असेल, वेळ चुकीची असेल किंवा खरोखरच भूक नसेल. ही चार वेगळी कारणं असून ‘रुग्णाला भूक नाही’ एवढ्या एका वाक्यात सगळी गुंडाळली जातात, ही त्यांची तक्रार आजही कुठल्याही वॉर्डला लागू पडते.

वजनाचा पुरावा १९३६ मध्ये आला. अमेरिकेतल्या क्लीव्हलंडचे शल्यचिकित्सक हायरम स्टडली यांनी पेप्टिक अल्सरची, म्हणजे जठर-आतड्यातल्या व्रणाची, शस्त्रक्रिया झालेले ४६ रुग्ण तपासले. शस्त्रक्रियेआधी ज्यांचं वजन २० टक्क्यांहून जास्त घटलं होतं, त्यांतले एक तृतीयांश दगावले. बाकीच्यांत हे प्रमाण ३.५ टक्के होतं. संख्या लहान असली तरी तफावत एवढी मोठी होती की त्यानंतर प्रत्येक केसपेपरवर वजन पहिल्या ओळीत यायला हवं होतं.

तसं झालं नाही. १९७४ साली अमेरिकेतले डॉक्टर चार्ल्स बटरवर्थ यांनी ‘रुग्णालयाच्या कपाटातला सांगाडा’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा लेख लिहिला आणि आपल्याच व्यवसायाला आरशासमोर उभं केलं. उंची-वजनाची नोंद नाही, कर्मचारी सतत बदलल्यामुळे जबाबदारी विखुरलेली, तपासण्यांसाठी जेवणं चुकवली जातात, आणि दिवसचे दिवस नुसतं ग्लुकोज-सलाईन चालू. यातलं शेवटचं कारण फार फसवं आहे. बाटली लावली की रुग्णाला काहीतरी मिळतंय असं नातेवाइकांना वाटतं, आणि अनेकदा डॉक्टरांनाही. पण ५ टक्के ग्लुकोजच्या एका लिटरमधून जेमतेम १७० ते २०० कॅलरी मिळतात, प्रथिनं शून्य.

वीस वर्षांनी स्कॉटलंडमधल्या डंडी इथे मॅकव्हर्टर आणि पेनिंग्टन या संशोधकांनी दाखल होणाऱ्या ५०० रुग्णांची पाहणी केली. त्यांतले २०० कुपोषित निघाले, आणि त्या २०० पैकी फक्त ९६ जणांच्या कागदपत्रांत पोषणाविषयी काही नोंद होती. माझ्या मते या इतिहासातला सर्वांत बोलका आकडा हाच. निम्म्याहून अधिक कुपोषित रुग्णांच्या कागदांवर त्याविषयी एक शब्दही नव्हता.

पुढे साधनं भराभर आली. २००३ मध्ये ब्रिटनमध्ये ‘मस्ट’ ही कुपोषणाचा धोका ओळखणारी चाळणी तयार झाली. तिच्यात बीएमआय (उंचीच्या मानाने वजन), गेल्या तीन ते सहा महिन्यांत आपोआप घटलेलं वजन आणि तीव्र आजारामुळे पाच दिवसांहून जास्त बंद राहणारं खाणं यांना गुण देतात. युरोपातल्या ‘एनआरएस २००२’ या तशाच चाळणीत मागच्या आठवड्यात नेहमीच्या मानाने किती खाल्लं, हेही विचारतात. हा प्रश्न फार मोलाचा आहे, कारण काटा एकटा फसवतो. हृदय, यकृत किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाच्या अंगावर पाणी साठतं. स्नायू झडत असतात आणि वजन जागचं हलत नाही. अशा वेळी दंडाचा घेर आणि रोजचा आहार-तक्ता खरी परिस्थिती सांगतात. तो तक्ताही ‘जेवण झालं’ एवढं लिहून भागत नाही. सगळं, अर्धं, पाव की काहीच नाही, ते लिहावं लागतं. २००६ पासून अनेक देशांत होणाऱ्या ‘न्यूट्रिशन डे’ पाहणीत एका दिवशी रुग्णांना हेच विचारतात. ताटात बरंचसं अन्न तसंच टाकणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं.

इथे एक साधी अडचण आहे. ताट उचलणारा कर्मचारी वेगळा आणि तक्ता भरणारी सिस्टर वेगळी, त्यामुळे किती उरलं हे लिहिणाऱ्याला दिसतच नाही. ब्रिटनमधल्या रुग्णालयांनी मदतीची गरज असलेल्यांना लाल ट्रे द्यायला सुरुवात केली, ती याचसाठी: कुणाच्या खाण्याकडे लक्ष द्यायचं, ते रंगावरून सगळ्यांना कळावं.

लक्ष ठेवून खाऊ घातल्याने खरंच फरक पडतो का, ही शंका बराच काळ होती. २०१९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या आठ रुग्णालयांत पोषणाचा धोका असलेल्या २,०८८ रुग्णांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष आले. एका गटाला नेहमीचं जेवण मिळालं. दुसऱ्या गटातल्या प्रत्येकासाठी कॅलरी आणि प्रथिनांचं लक्ष्य ठरवून आहारतज्ज्ञ दर २४ ते ४८ तासांनी प्रत्यक्ष खाणं तपासत होते. तीस दिवसांत पहिल्या गटातले १० टक्के रुग्ण दगावले, दुसऱ्यातले ७ टक्के.