विस्थापित कारखाना-कामगार साहाय्य (गोवा)

उत्पादन परदेशात हलवल्यामुळे ज्यांचे काम जाते, अशा कारखाना-कामगारांना सरकारी यंत्रणेतून मिळणारी रोख मदत, औषधोपचार आणि नव्या कामाचे प्रशिक्षण. काही देशांत यासाठी स्वतंत्र योजना झाल्या. भारतीय कायद्यात तशी वेगळी तरतूद नाही. कंपनी व्हिएतनामला गेली, हिमाचलातल्या बद्दीला गेली की नुसतीच बुडाली, हे कायदा फारसे विचारत नाही. कारखाना बंद झाला एवढेच तो पाहतो. त्यामुळे गोव्यातला कामगारही देशभराच्या सर्वसाधारण नियमांवरच अवलंबून असतो.

या कल्पनेचा उगम अमेरिकेतला. खुल्या व्यापाराचा फायदा सगळ्या देशाला होत असेल, तर त्याची झळ मोजक्या कामगारांनीच का सोसावी, या विचारातून 1962 च्या व्यापार कायद्यात ही मदत आली. अटी इतक्या कडक होत्या की 1969 पर्यंत एकाही अर्जाला मंजुरी मिळाली नाही. 1974 मध्ये त्या सैल झाल्या. पुढे बेकारभत्ता संपल्यावरही प्रशिक्षण घेत असेपर्यंत पैसे मिळत, आणि पन्नाशी उलटलेल्याला कमी पगाराची नोकरी धरावी लागली तर फरकाचा काही भाग सरकार भरून देई. 1 जुलै 2022 पासून तिथे नवे अर्ज मंजूर होणे थांबले. युरोपीय संघाचा असाच निधी 2007 पासून चालू आहे.

गोव्यात औद्योगिक विकास महामंडळाच्या वेर्णा, कुंडई, पिळर्ण, तुये, होंडा, कुंकळ्ळी अशा वसाहतींत कारखाने वसले. करसवलतींच्या काळात इथे बरेच उद्योग आले. सत्तरी-पेडण्याचे, तसेच बांदा-सावंतवाडीकडचे लोक या वसाहतींत कामाला येतात. कारखाना बंद होतो तेव्हा एकाच वाड्यावरच्या पाच-सहा घरांतला पगार थांबतो.

मदतीचा पहिला भाग मालकाकडून येतो. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने कारखाना बंद करताना सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून ठरवला. पाच वर्षे सेवा झालेल्याला ग्रॅच्युइटी वेगळी. सरकारी यंत्रणेचा हिस्सा ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेतून येतो. 2005 ची राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना कारखाना बंद पडल्यास किंवा कामगार कपात झाल्यास लागू होते: पहिले 12 महिने पगाराच्या 50 टक्के, पुढचे 12 महिने 25 टक्के, आणि त्या काळात कुटुंबाचा औषधोपचार चालू. 2018 च्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत मात्र जास्तीत जास्त 90 दिवसांचीच मदत आहे, तीही आयुष्यात एकदा.

समजा, 18,000 रुपये पगारावर 14 वर्षे काम केलेला यंत्रचालक आहे. भरपाई सव्वा लाखाच्या आसपास, ग्रॅच्युइटी सुमारे 1 लाख 45 हजार. श्रमिक कल्याण योजनेतून दोन वर्षांत 1 लाख 62 हजारांपर्यंत मिळू शकतात. म्हणजे ईएसआयचा भाग तिघांत मोठा, आणि सर्वांत सहज गमावला जाणाराही तोच. कारण स्वेच्छानिवृत्ती (व्हीआरएस) घेतलेल्याला ही मदत मिळत नाही, अटल योजनेतूनही नाही. कारखाना हलवणारे व्यवस्थापन बहुधा बंद जाहीर करण्याआधी व्हीआरएसचाच कागद पुढे करते. आकडा मोठा दिसतो, ‘फुल अँड फायनल’चा, म्हणजे सगळा हिशेब मिटल्याचा, मजकूर इंग्रजीत असतो, मुलाची कॉलेजची फी तोंडावर असते, माणूस सही करतो. त्या एका सहीने त्याचे जाणे कागदावर त्याच्या मर्जीचे ठरते. सही करण्याआधी ‘यामुळे ईएसआयची मदत जाईल का?’ हा एक प्रश्न युनियनला किंवा पणजीत पाटो येथील श्रमशक्ती भवनातल्या कामगार आयुक्त कार्यालयात विचारला, तरी घरखर्चाचे कित्येक महिने वाचू शकतात.

21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता, 2020 लागू झाली आणि जुना विवाद कायदा गेला. भरपाईचा 15 दिवसांचा दर राहिला. पूर्वी 100 कामगार असलेला कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागे. आता ती मर्यादा 300 आहे, आणि गोव्यातले बहुतेक कारखाने त्यापेक्षा लहान. संहितेने कामगारांच्या पुनर्कौशल्यासाठी निधीही आणला: मालकाने 15 दिवसांचा पगार त्यात भरायचा आणि 45 दिवसांत तो कामगाराच्या खात्यात जमा व्हायचा. चांगली तरतूद आहे. पण ती फक्त कपातीपुरती लिहिली आहे. कारखानाच बंद झाला तर मालकाचा हा वाटा येत नाही, म्हणजे उत्पादन पूर्णपणे परदेशी जाते तेव्हाच तो हाती लागत नाही. अर्धा महिना पगारात पंचेचाळिशीच्या माणसाने कोणते नवे काम शिकायचे, हा प्रश्न तर वेगळाच. फर्मागुडी, म्हापसा, मडगावच्या आयटीआय जवळ आहेत, पण शिकण्याच्या महिन्यांत घर चालवणारा भत्ता या निधीत नाही, आणि अमेरिकेच्या योजनेचा खरा गाभा तोच होता.

कंत्राटी कामगाराची अवस्था सर्वांत वाईट. कागदोपत्री त्याचा मालक कंत्राटदार, आणि कंत्राटदाराचा धंदा बंद झालेला नसतो. तो ‘दुसरीकडे काम देतो’ म्हणतो आणि त्या कामाचा पत्ता कधी कळवत नाही. कपातीचे पत्र नसल्याने दावा कशाच्या आधारे करायचा, इथेच गाडी अडते. अशा वेळी हजेरीचे कार्ड, पगाराच्या पावत्या आणि ईएसआय क्रमांक एवढाच त्याचा पुरावा उरतो.