रहस्यपटाचा प्रारंभ

रहस्यपटाच्या पहिल्या काही मिनिटांत प्रेक्षकाच्या मनात शंका, भय व उत्कंठा जागी करणारी दृश्यांची आणि ध्वनींची मांडणी. प्रेक्षकाला किती सांगायचे आणि किती राखून ठेवायचे, यावर ती उभी असते. टेबलाखालचा बॉम्ब अचानक फुटला तर क्षणभर धक्का बसतो. तो तिथे आहे हे आधी ठाऊक असेल तर साधे बोलणेही जीव टांगणीला लावते, हा आल्फ्रेड हिचकॉक यांनी केलेला भेद पायाभूत मानला जातो.

ऑर्सन वेल्स यांच्या ‘टच ऑफ ईव्हिल’मध्ये (१९५८) मोटारीत बॉम्ब ठेवल्यापासून तीन मिनिटांहून अधिक काळ कट नाही, क्रेनवरचा कॅमेरा मोटारीला कधी गाठतो, कधी चौकटीबाहेर सोडतो. मूळ प्रतीत या शॉटवर श्रेयनामावली व हेन्री मॅन्सिनी यांचे संगीत होते. वेल्स यांच्या टिपणाच्या आधारे वॉल्टर मर्च यांनी १९९८ मध्ये केलेल्या संकलनात नामावली काढून रस्त्यावरचे व रेडिओचे आवाज आणले. हीच प्रत सरस वाटते, कारण मोटार दिसत नसतानाही कानाला तिचा माग राहतो.

या शैलीचा उगम काही अभ्यासक जर्मन अभिव्यक्तिवादात (गडद सावल्या व विरूप नेपथ्यातून मनोवस्था दाखवणारी चित्रपटशैली), तर काही पहिल्या महायुद्धाच्या सुमाराच्या फ्रेंच गुन्हेगारी चित्रमालिकांत शोधतात. छायाप्रकाशापुरते पहिले मत ग्राह्य आहे. मात्र फ्रिट्झ लांग यांच्या ‘एम’मध्ये (१९३१) आई मुलीला हाका मारते आणि पडद्यावर रिकामा जिना, मांडलेले ताट, तारांत अडकलेला फुगा दिसतो. खून न दाखवता कळवण्याचे हे तंत्र बोलपटाच्या आरंभकाळी सिद्ध झाले, असे म्हणणे अधिक सयुक्तिक. हिंदीत ‘महल’चे (१९४९) छायालेखक योझेफ विर्शिंग जर्मन होते, वादळी रात्र व ओसाड हवेली त्यात आहेतच, पण गूढ वाढते ते म्हाताऱ्या माळ्याने सांगितलेल्या हकिकतीने.

रात्र वा पाऊस अनिवार्य नाही. नागपुरात नवतपातल्या (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांतल्या) दुपारी महाल-इतवारीच्या गल्ल्या ओस पडतात. बाहेरच्या उन्हाला धरून एक्स्पोजर (कॅमेऱ्यात घ्यायच्या प्रकाशाचे प्रमाण) ठेवले, तर वाड्याच्या उघड्या दारातला भाग पूर्ण काळा राहतो. आत कूलरची घरघर इतकी असते की कडी वाजलेली कळत नाही. वीज जाताच ती थांबते आणि पावले ऐकू येतात. त्या क्षणी पार्श्वसंगीत सुरू केले, तर परिणाम वाया जातो.